कोणी रिबूट म्हणू नका

महिनाअखेर, पगाराचं काम चालू, आणि नेमकं त्याच दुपारी आमच्या सर्व्हरवरचं लिबव्हर्टडी, म्हणजे व्हीएम (एकाच मशीनच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर) सांभाळणारा प्रोग्राम, गार पडलं. म्हणजे व्हीएमची यादी मागायला 'व्हर्श लिस्ट' टाकलं की कर्सर नुसता लुकलुकतोय, आणि तेच खिडकीत दाखवणारं व्हर्ट-मॅनेजर उघडलं तर ते 'कनेक्टिंग' म्हणत बसलंय ते बसलंच. एकही व्हीएम दिसेना. हे साहेबांनी मागून जाताजाता पाहिलं आणि चहा यायच्या आत अख्ख्या मजल्यावर बातमी, सर्व्हर गेला!

गेला कुठे, सगळं मस्त चालू होतं. अकाउंट्सच्या मॅडम टकाटक एन्ट्र्या मारत होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी फोन उचलत नाही म्हणून घरोघरचे कुकर शिट्ट्या द्यायचे थांबतात का? केव्हीएमवर (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) प्रत्येक व्हीएम ही आपली आपली वेगळी क्यूएमू प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, असते, लिबव्हर्टडी फक्त वर बसून देखरेख करतं, ते अडकलं म्हणून व्हीएम मरत नाहीत. मी चालू प्रोसेसची यादी देणारं 'पीएस' मारून दाखवलं, हे बघा सर, सगळ्या जिवंत. पण क्यूएमूच्या एकेका प्रोसेसची कमांड अर्धा स्क्रीन खाते, ते बघून साहेब आणखीच घाबरले, म्हणे बापरे, एवढे एरर?

मग सल्ले सुरू. "बंद करून चालू कर ना एकदा" हा तर राष्ट्रीय सल्ला आहे, तो अॅडमिनपासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्यांनी दिला. होस्ट, म्हणजे ज्यावर या व्हीएम चालतात तो सर्व्हर, रिबूट केला असता तर जे काही धडधाकट चालू होतं ते आपल्याच हाताने आडवं झालं असतं, पण हे सांगायचं कोणाला. ज्युनियर म्हणाला रन फोल्डरमधल्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फायली उडवू, कचरा दिसतोय. अरे बाबा, चालू व्हीएमची ओळख त्यात लिहिलेली असते, लिबव्हर्टडी उठल्यावर तेच वाचून क्यूएमूशी परत बोलणं सुरू करतं! फोनवरचे सपोर्टवाले तर थोरच, लिबव्हर्ट नावाचं जे दिसेल ते रिस्टार्ट करा म्हणे. त्यात लिबव्हर्ट-गेस्ट्स पण येतं, आणि ती सर्व्हिस थांबवली की तिचं कामच मुळी व्हीएम झोपवणं नाहीतर बंद करणं. त्यांना मी "हो हो" म्हणून फोन ठेवला.

रोग निघाला भलतीकडेच. कोपऱ्यात एक म्हातारा नॅस (नेटवर्कवरची डिस्कपेटी), त्यावर फक्त आयएसओ फायली (सीडीच्या नकला), एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वापरायची पद्धत) सर्व्हरला जोडून लिबव्हर्टचा स्टोरेज पूल (फायलींचं कोठार) केलेला. एसी दुरुस्तीवाल्याने त्याचा प्लग काढून तिथे ड्रिल लावलं होतं. प्लग परत लावला तर नॅस उठेचना, आणि लिबव्हर्टडी त्याच्याच उत्तराची वाट बघत तिष्ठत बसलेलं. व्हीएमच्या डिस्क लोकल होत्या आणि कोणात त्यातली सीडी अडकवलेली नव्हती (त्या लांबलचक कमांडींचा इथे उपयोग झाला), म्हणून वाचलो.

'यूमाउंट मायनस एफ' मारून तो माउंट (नॅसची जोडणी) जबरदस्तीने सोडवला, पूलची ऑटोस्टार्टची लिंक काढली, नाहीतर उठल्या उठल्या पुन्हा तिथेच जाऊन अडकणार. सर्व्हिस फाईलमध्ये 'किलमोड=प्रोसेस' आहे ना ते बघून घेतलं, म्हणजे रिस्टार्टमध्ये फक्त डेमन (मागे चालणारं लिबव्हर्टडी) मरतो, व्हीएमना हात लागत नाही. मग फक्त लिबव्हर्टडी रिस्टार्ट. आता सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) जुन्या प्रोसेसला जायला बायडिफॉल्ट 90 सेकंद देतं, आणि मागे साहेब उभे असले की 90 सेकंदात माणसाचा आख्खा अप्रेझल डोळ्यासमोरून जातो.

'व्हर्श लिस्ट'. सगळ्या रनिंग, आयडीसुद्धा जुनेच.

साहेबांनी लगेच ऑल स्टाफला मेल टाकला, सर्व्हर क्रॅश झाला होता, आमच्या टीमने युद्धपातळीवर पूर्ववत केला. अकाउंट्सकडून आधी उत्तर आलं, कुठला क्रॅश? आणि मागोमाग दुसरं, अच्छा, म्हणूनच का आमचा प्रिंटर सोमवारपासून बंद आहे, तो पण बघून घ्या.