हीन दर्जाचं वाङ्मय

आमच्या वाचनालयाच्या अभिप्राय वहीत सहसा पंखा कुरकुरतो, पाणी गार नसतं, पेपरातलं शब्दकोडं कुणीतरी आधीच पेनाने सोडवून ठेवतं, असल्या तक्रारी असतात. गेल्या शनिवारपासून तिथे लाल बॉलपेनने लिहिलेली एक नोंद आहे : "काउंटरवरील भगिनी अल्पवयीन मुलांना हीन दर्जाचे वाङ्मय पुरवितात. समितीने दखल घ्यावी." भगिनी म्हणजे मी. शनिवारी संध्याकाळी तिथे फुकट बसते. नोंद वाचून कुणालाही वाटेल की मी पुस्तकांआडून गुटखा विकते.

झालं ते एवढंच. नववीतला एक मुलगा स्वतःच्या पायाने वाचनालयात आला. आई नाही, प्रोजेक्ट नाही, बाईंनी पाठवलेलं नाही. मोबाईलवर 'तुंबाड' पाहिलेला आणि त्याची बीजं भयकथाकार नारायण धारपांच्या कथेत आहेत असं कुठल्याशा रीलमध्ये ऐकून आलेला. "धारप आहेत का?" असं त्याने इतक्या हळू विचारलं, की मलाही क्षणभर काहीतरी बेकायदा चाललंय असं वाटलं. मी कपाटाची किल्ली काढली, एक पातळ कादंबरी त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्याच पहिलं पान वाचायला लागला. वाचनालयाच्या कामात याहून मोठा विजय नसतो.

वर्तमानपत्रांच्या टेबलावरून काका उठले.

"काय रे, कितवीला?"

"नववी."

"टक्के?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. इथे टक्के सांगावे लागतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बघू काय नेतोयस," म्हणत काकांनी पुस्तक घेतलं, हात लांब करून, चष्मा कपाळावर चढवून नाव वाचलं. "भूत? दहावीच्या तोंडावर भूत?"

"काका, नववीत आहे तो," मी म्हटलं.

"म्हणजे तोंडावरच! मला सांग, या पुस्तकातून तुला काय मिळणार?"

मुलाने प्रामाणिकपणे विचार केला. "भीती."

"भीती मिळवायला पुस्तक कशाला लागतं? आमची भीती नाही वाटत तुला?"

"वाटते," मुलगा म्हणाला.

इथे मी हसले. ती माझी तक्रारीत न नोंदवलेली दुसरी चूक असावी. काका तरातरा आतल्या कपाटाकडे गेले आणि दोन्ही हातांत धरून एक ठोकळा घेऊन आले : भारताचा आर्थिक इतिहास, खंड दुसरा. "हे वाच. आयुष्यभर उपयोगी पडेल."

"पहिला खंड कुठंय?"

"तो बाहेर गेलाय. दुसऱ्यापासून सुरू कर. इतिहासच आहे, पहिल्यात काय झालं ते दुसऱ्यात कळतंच. आणि वाचलंस की एक पान सारांश लिहून मला दाखव, मी शनिवारी इथेच असतो."

मुलाने दोन्ही पुस्तकं काउंटरवर ठेवली, "नंतर येतो" म्हणाला आणि सायकल काढून गेला. काकांनी धारप स्वतःच्या कार्डावर घेतले. "तपासून बघतो," म्हणाले. ते आजीव सभासद आहेत आणि आजीव सभासदांना आमच्याकडे दंड नाही. त्यामुळे तपासणी कधी संपेल ते धारपांच्या कथांतल्या, दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या समर्थांनाच ठाऊक.

आता मी चिडलेय ती काकांच्या आवडीनिवडीवर नाही. चिडलेय त्या सारांशावर. पाचवीपर्यंत धडाधड वाचणारी मुलं सातवी-आठवीत पुस्तकं का टाकतात, याचं खापर सगळे मोबाईलवर फोडतात. मोबाईलचा हात आहेच, नाही म्हणत नाही. पण मोबाईल बघून झाल्यावर कुणी "काय शिकलास?" असं विचारत नाही. पुस्तक हातात दिसलं की घरातला प्रत्येक जण परीक्षक होतो. आई विचारते, कठीण शब्द लिहून ठेवलेस का. बाबा विचारतात, किती पानं झाली. आजोबा तात्पर्य मागतात. चौदा वर्षांच्या पोराला दिवसभरात आधीच बक्कळ प्रश्न पडलेले असतात, आणखी चार प्रश्नांची सोय तो स्वखुशीने कशाला करेल?

फ्रान्समधले शिक्षक आणि कादंबरीकार डॅनिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले. त्यातला पहिला न वाचण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि दहावा, वाचलेल्याबद्दल गप्प बसण्याचा. हा दहावा हक्क मला आमच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावायचा आहे. समितीने भिंतीवर जागा नसल्याचं कळवलंय. भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत.

बक्षिसांचंही तसंच. "पुस्तक संपव, शंभर रुपये देतो" ही योजना सुरुवातीला झकास चालते आणि मग अंगाशी येते. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. काही दिवसांनी तीच मुलं मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे द्यायचंच असेल तर न सांगता द्या, आणि पानांच्या हिशोबाने तर अजिबात देऊ नका. पोरं हिशोबात आपल्यापेक्षा पक्की असतात. सगळ्यात पातळ पुस्तक शोधून, शेवटचं पान वाचून शंभराची नोट वसूल करतात.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पुस्तक लहान घ्यायचं. वाचन सुटलेल्या मुलाला दीडशे पानांच्या आतलं, सहा-सात पानांच्या प्रकरणांचं आणि मोठ्या टायपाचं पुस्तक लागतं. एका बैठकीत एक प्रकरण संपलं पाहिजे. तेही जड जात असेल तर 'किशोर'चे जुने अंक बघा. बालभारती हे मासिक 1971 पासून काढतेय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. गोष्ट चार-पाच पानांत संपते, नाही आवडली तर पुढची. घरात एकच पुस्तक पुढे करू नये, तीन ठेवावीत आणि तीनही वेगळ्या जातीची : एक भुताचं किंवा रहस्याचं, एक खेळाचं किंवा विज्ञानाचं, एक विनोदी. दोन नाकारायची मुभा असली की तिसरं आपण निवडलं असं वाटतं. तीस पानांत रंगलं नाही तर परत, आणि परत करताना चेहरा पाडायचा नाही. तुमचा, म्हणजे.

पुस्तकांची मालिका असेल तर उत्तम. पहिल्या पुस्तकात माणसं, गाव, नातीगोती समजून घ्यायला जो दम लागतो, तो दुसऱ्यात लागत नाही. फास्टर फेणेची तीच तर गंमत. पण तो देताना एक सांभाळा. भा. रा. भागवतांच्या त्या जगात तार येते, ट्रंककॉल लागतो, आणि आजच्या पोराला पहिल्या दहा पानांत तीनदा अडखळायला होतं. त्याला धडा न देता ती दहा पानं तुम्हीच मोठ्याने वाचा, ऐन भानगडीत थांबा आणि स्वयंपाकघरात निघून जा. चौदाव्या वर्षी वाचून दाखवलेलं आवडत नाही हा आपला समज आहे. फक्त मित्र घरात असताना वाचू नका.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण निराळी असते. त्यांना मराठी समजतं, बोलता येतं, पण डोळा रफारावर आणि जोडाक्षरांवर थबकतो. वेग तिसरीच्या मुलाचा, अक्कल नववीची. त्यांना तिसरीचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, नववीचं दिलं तर दमछाक होते. यावर उपाय म्हणजे तेच पुस्तक कानाने ऐकत डोळ्यांनी वाचणं. बोलकी पुस्तकं मराठीत आता भरपूर आहेत. हळूहळू शब्दांची चित्रं बसायला लागतात. आणि तो इंग्रजीत वाचत असेल तर तेही वाचनच आहे. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हेही वाचनच आहे. परवा एक बाबा तक्रार करत होते की पोरगा पुस्तक उलटं धरून वाचतो, काहीतरी उपचार सांगा. मांगा उजवीकडून डावीकडेच वाचतात. 'वन पीस' या मांगाचे शंभराहून जास्त खंड निघालेत. ते ओळीने वाचणाऱ्या मुलाला वाचनाची सवय नाही म्हणायची हिंमत कुणी करू नये.

मोबाईल हिसकावून घेऊ नका. घरातल्या सगळ्यांचे चार्जर रात्री हॉलमध्ये लावा. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. निम्म्या घरांत योजना इथेच कोसळते. वीस मिनिटं पुरतात. उशाशी दिवा असला पाहिजे, कारण ट्यूबलाइट बंद करायला उठावं लागलं की माणूस पुस्तकही ठेवतो.

आणि आमचे वाचनालयवाले! पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, मधल्या एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का. मग ते बाइंडरकडे जातं. तो मुखपृष्ठ फाडून काळं रेक्झिन चढवतो आणि कडेने टोचून असा घट्ट दोरा ओवतो की आतला समास गिळला जातो, ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत अडकतं आणि पुस्तक सपाट उघडत नाही. म्हणजे आडवं पडून, एका हातात धरून वाचायची सोय गेली, आणि या वयाची मुलं दुसऱ्या कुठल्या अवस्थेत वाचत नाहीत. पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. कपाटाला काच, काचेला कुलूप. मुखपृष्ठ कापून रेक्झिनवर चिकटवायला दोन रुपयांचा गोंद लागतो. मी चिकटवत असते. ती 'अनधिकृत दुरुस्ती' ठरल्याचं मला तोंडी कळवण्यात आलंय.

बालविभाग बारा वर्षांपर्यंत, त्यानंतर थेट मोठ्यांचा. मधल्या पोरांनी तेरा ते अठरा काय करायचं, याचं उत्तर 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली 'ब' वर्ग मिळवलेल्या आमच्या वाचनालयाकडे नाही. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. तेव्हा याच मुलांना रांगेत बसवून हातात पुस्तकं देतात, फोटो काढतात आणि पुस्तकं मोजून परत घेतात. अहवालात फोटो लागतो.

वाचनालयाची वेळ साडेचार ते साडेसात. नववी-दहावीचे क्लास पाच ते आठ. मी सुचवलं, रविवारी सकाळी दोन तास उघडू, किल्ली माझ्याकडे द्या, पगार नको. परवा समितीचं लेखी उत्तर आलं. रविवारी उघडून उपयोग नाही, मुलांच्या टेस्ट असतात.