मायक्रोवेव्हमधला जॅम पातळ का राहिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही मनापासून आणि चिडून लिहिलं आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होत नाही. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताईंनी माझ्या कृतीने मायक्रोवेव्हमध्ये स्ट्रॉबेरीचा जॅम केला. साखर फार वाटली म्हणून त्यांनी फळ दुप्पट, म्हणजे अर्धा किलो घेतलं आणि साखर १५० ग्रॅमच ठेवली. १३ मिनिटांनी बाउलमध्ये सरबत तयार झालं, ते बाटलीत भरलं तर आठवड्याभरात वर बुरशी आली. त्यांचं म्हणणं, झटपट जॅम ही लोकांची दिशाभूल आहे, त्यात साखरेचा मारा आहे, बाजारातली बाटली याहून स्वस्त पडते, आणि आजीच्या मुरांब्याला मायक्रोवेव्हची सर कधीच येणार नाही.

पातळपणापासून सुरुवात करते, कारण बाकीचं बरंचसं त्यातच आहे.

जॅम म्हणजे फळातलं पाणी उडवून साखरेचं प्रमाण वाढवत नेणं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के लागतात. हा आकडा उगाच ठरलेला नाही. एवढी साखर झाली की ती पाणी असं धरून ठेवते की बुरशीला ते मिळत नाही. फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा फळातलाच पदार्थ, तोही साधारण तेवढ्याच साखरेत आणि लिंबाच्या आंबटपणात नीट घट्ट होतो.

आता माझ्या कृतीचा हिशोब. २५० ग्रॅम फळ, १५० ग्रॅम साखर, मिळून ४००. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. साखर आणि फळातला घन भाग मिळून साधारण १७० ग्रॅम होतो, म्हणजे मिश्रण २६० ग्रॅमवर आलं की जॅम झाला. १४० ग्रॅम पाणी उडवायचं, त्याला ९०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये १२ ते १४ मिनिटं लागतात. तुमच्या बाउलमध्ये मात्र ६५० ग्रॅम मिश्रण होतं आणि त्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या वर पाणी जायला हवं होतं. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे ग्रॅमच गेलं असणार. गॅसवर आपण आच मोठी करतो, पातेलं रुंद घेतो. मायक्रोवेव्हची ताकद ठरलेली असते, त्यामुळे माल वाढला की वेळ वाढतोच. म्हणून मी या पद्धतीत पाव किलोच्या वर फळ घेऊ नका असं पुन्हा सांगते. जास्त हवं असेल तर दोन घाणे करा.

आणि मिनिटांवर फार विसंबू नका. प्रत्येकाच्या घरचा ओव्हन वेगळा, फळातला रस वेगळा. वजनकाटा घ्या. रिकाम्या बाउलचं वजन कागदावर लिहून ठेवा, दहाव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी बाउल काट्यावर ठेवा. बाउलचं वजन वजा करून २६०-२६५ आलं की थांबा. गरम असताना जॅम पातळच दिसतो, त्याला घाबरून पुढे आटवू नका, नाहीतर गार झाल्यावर चमच्याने ओढावा लागेल. काटा नसेल तर फ्रीझरमध्ये एक बशी ठेवा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोट फिरवा. वर सुरकुती पडली की झालं.

बाउल काचेचा, ओव्हनमध्ये चालणारा, मिश्रणाच्या तिप्पट मोठा आणि उघडा. झाकण ठेवलं तर वाफ परत आत पडते. प्लास्टिक अजिबात नको, उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो. हातावर उडाला तर चिकटून बसतो, म्हणून मुलांना त्या वेळी ओट्यापासून लांबच ठेवा.

साखर कमी करायची तुमची इच्छा मला समजते. घरात मधुमेह असेल तर तर नक्कीच. पण मग जे होईल त्याला जॅमसारखं वागवू नका. ते फळाचं गोड सारण आहे, फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. बुरशी आलेली बाटली मात्र वरचा थर काढून वापरू नका, सगळी टाकून द्या. आणि लोणच्याला लावतो तोच नियम इथे: बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण सुकवलेली, चमचा कोरडा. माझाही जॅम मी फ्रीजमध्येच ठेवते आणि तीन आठवड्यांत संपेल एवढाच करते.

खर्चाचं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरची पहिली, मोठी स्ट्रॉबेरी घेऊन जॅम करणं परवडत नाही आणि करूही नये, ती तशीच खावी. मार्चमध्ये नरम पडलेले बॉक्स स्वस्त मिळतात, जॅम त्यांचा. साखर सात-आठ रुपयांची, वीज साधारण ०.३ युनिट. बाजारातल्या बाटलीशी तुलना करताना एक लक्षात घ्या, नियमाने जॅममध्ये फळ ४५ टक्के लागतं, स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये तर २५ टक्केही चालतं. घरच्या २६० ग्रॅम जॅममागे पाव किलो फळ आहे. किलोच्या भावात बाजारचा मिक्स फ्रूट जॅम स्वस्त पडेलही, पण त्या पैशात फळ किती, हेही बघायला हवं.

खरोखर स्वस्तात करायचा असेल तर पेरू घ्या. पेक्टिन भरपूर, भाव कमी. कुकरमध्ये एक शिट्टी काढून पुरणाच्या बारीक चाळणीतून गर काढा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, बिया फुटून जॅम खरखरीत होतो. स्ट्रॉबेरीलाही मिक्सर एक-दोनदा नुसता झटका द्यायचा, गुळगुळीत केली की हवा शिरते आणि रंग फिका दिसतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून पाव किलोतलं थोडं फळ सालासकट किसलेलं सफरचंद असू द्या, आणि अर्ध्या लिंबाचा रस.

मुरांब्याबद्दल मात्र तुमच्याशी माझं भांडणच नाही. मे महिन्यात दोन किलो कैऱ्यांचा मुरांबा मीही गॅसवर, जाड बुडाच्या पातेल्यातच करते. तो वर्षभराचा साठा आहे आणि ते काम मायक्रोवेव्हचं नव्हेच. उरलेल्या पाव किलो फळासाठी तेवढा पसारा कुणी काढत नाही, आणि ते फळ मग फ्रीजच्या कोपऱ्यात सडतं. माझी कृती त्या पाव किलोसाठी आहे. शिवाय एवढ्या कमी वेळात शिजल्यामुळे स्ट्रॉबेरीचा लाल रंग टिकतो. मोठा घाणा गॅसवर तासभर आटवला की तो तपकिरीकडे झुकतो.

पुन्हा केलात तर सुरुवातीचं आणि शेवटचं वजन, ओव्हनचे वॉट आणि लागलेली मिनिटं इथे लिहा. वेगवेगळ्या ओव्हनची वेळ मिळाली तर मूळ कृतीत तसा तक्ता जोडता येईल.