पोट ४२, गिअर साडेपाच

गेल्या मंगळवारी भर दुपारी, धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका गॅरेजसमोर, सहा माणसं आणि एक बकरी यांच्या साक्षीने माझ्या पोटाचं माप जाहीर झालं. ४२. मी तिथे गाडीच्या गिअरसाठी गेलो होतो.

आधीचं पटकन उरकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायको माहेरी गेली होती, अमळनेरला. तिला आणायला गेलो तर येताना शालकही गाडीत बसला. शेजारच्या सीटवरून त्याने दहा मिनिटं माझा डावा हात न्याहाळला आणि म्हणाला, "दाजी, गिअर टाकी राहिनात का वरण घोटी राहिनात?" मागे बसलेली बायको हसली. १६ वर्षांच्या संसारात माझ्या एकाही विनोदाला ती एवढी हसलेली नाही.

पण त्याला खोटं तरी कसं म्हणू? माझी हॅचबॅक ११ वर्षांची आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर दांडा पार अंगणातून उचलून परसदारी आणावा लागतो. न्यूट्रलमध्ये तो भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखा डुलतो. नोकरी पारोळ्याला, घर देवपूरला, रोजचं अप-डाउन, जाऊन-येऊन सत्तर-पाऊणशे किलोमीटर. म्हणजे मी रोज दोन वेळचं वरण घोटतो.

त्या रात्री कूलरपुढे आडवा पडून मोबाइलवर शोधायला लागलो आणि मला 'शॉर्ट शिफ्टर' हा शब्द सापडला, म्हणजे हात कमी फिरवून गिअर पडेल असा दांडा. तिथून पुढचे १५ दिवस मी माणसांत नव्हतो.

प्रकार साधा आहे. गिअरचा दांडा म्हणजे पहार. मध्ये टेकू, वरचा लांब भाग आपल्या हातात, खालचा छोटा भाग गिअरबॉक्सकडे जाणारा रॉड किंवा केबल ढकलतो. समजा टेकूच्या वर २४ सेंटीमीटर आहेत आणि खाली ४. तर खालचं टोक एक सेंटीमीटर हलवायला वरची मूठ सहा सेंटीमीटर न्यावी लागते. आता टेकू एक सेंटीमीटर वर उचला. वर राहिले २३, खाली झाले ५, आणि तेवढ्याच कामाला मूठ ४.६ सेंटीमीटरच जाते. प्रवास पाऊणपट. अर्थात फुकट काही नाही. हात जेवढा कमी फिरतो तेवढा जोर जास्त लागतो, आणि घाईघाईने रेटत सुटलं तर आतल्या सिंक्रो रिंगांना वेग जुळवायला उसंत मिळत नाही, त्या झिजतात. हे सगळं मला पाठ झालं. दहावीत तरफेच्या धड्याला मला सातपैकी दोन मार्क होते.

निवडायचं म्हटलं तर अक्कल गुंग. कोणी अख्खा दांडाच बदलून देतं, कोणी नुसती टेकू उचलायची चकती विकतं, केबलच्या गाड्यांना गिअरबॉक्सवरचा आर्मच बदला असं कोणी सांगतं, आणि कोणी म्हणतं, काही करू नका, फक्त जड मूठ लावा. कोणी २० टक्के कमी म्हणतं, कोणी ४०. मियाटा, सिव्हिक, गोल्फ असल्या गाड्यांसाठी जगात हवे तेवढे पर्याय. माझ्या गाडीचं नाव टाकलं की सीट कव्हर आणि हनुमानाचा स्टिकर यायचा. शिवाय ते परदेशी लोक लिहितात, की गिअर कसा रायफलीच्या बोल्टसारखा बसतो. मी जन्मात रायफल हातात धरलेली नाही. आमच्या जुन्या घराच्या दाराची कडी बसायची, खट्ट, तेवढं मला माहीत आहे. मला तशी कडी हवी होती.

शेवटी एक 'युनिव्हर्सल, सर्व गाड्यांसाठी' मागवला. साडेसहा हजार. या वयात युनिव्हर्सल या शब्दावर विश्वास ठेवायला नको होता. लग्नात आहेराला मिळणाऱ्या टोप्यासुद्धा युनिव्हर्सलच असतात, एकाही डोक्यात बसत नाहीत.

तर गॅरेज. मुंबई-आग्रा, सुरतकडून नागपूरकडे जाणारा आणि सोलापूरचा असे तीन महामार्ग धुळ्यात गाठ मारतात, त्यामुळे इथे गॅरेजला तोटा नाही आणि बोनेट उघडलं की जमणाऱ्या माणसांनाही नाही. या गॅरेजच्या भिंतीला लागून कडुनिंब आहे, त्याखाली कुठल्यातरी जीपमधून काढलेलं सीट, आणि त्या सीटवर आप्पा. पांढरा शर्ट, टोपी, आणि गळ्यात शिंप्याची टेप. आप्पांनी दुकान बंद करून नऊ वर्षं झालीत. मग टेप कशाला, असं मी नंतर विचारलं. "सवय शे," म्हणाले. मिस्तरी गाडीखाली गेला आणि आप्पा उठून माझ्या खिडकीशी आले.

"काय व्हयनं भाऊ?"

"काही नाही आप्पा, गिअरचा दांडा बदलायचाय."

"मोडना का?"

"नाही. लांब आहे. छोटा बसवायचाय."

आप्पांनी डोकं आत घालून दांडा पाहिला, मुलीकडच्यांनी मुलगा पाहावा तसा. "चांगला त शे. कितला पैसा?"

साडेसहा हजार हा आकडा मी घरी कोणालाही सांगितला नव्हता. आप्पांना सांगून बसलो. अनोळखी माणसापुढे खरं बोलायची ही खोड मला अनेकदा भोवली आहे.

"धाकला कराना साडेसहा हजार?" आप्पांनी वळून झाडाखालच्या मंडळींना आकडा कळवला. मग मला समजावू लागले, अगदी शांतपणे, चुकलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं. "वाढवाना पैसा ऱ्हातस भाऊ. कापड जोडनं पडस. धाकलं कराले काय लागस? कातर." थोडं थांबले. "आन् उरेल तुकडा कोनले भेटस?"

मी म्हटलं, तुकडा वगैरे काही उरत नाही, टेकू वर जातो. पहारीचं उदाहरण दिलं. १५ दिवसांचा अभ्यास होता, वाया कशाला घालवा? आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "पहार धाकली करी त दगड उठस नही. इतलं त मन्ही नातलेबी समजस. मंग तुले कसाले पाहिजे?"

कसाले. म्हणजे कशाला. या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

मला उत्तर सुचेना, म्हणून मी म्हणालो, "आप्पा, फार लांब हात न्यावा लागतो हो." ही माझी चूक. 'लांब' म्हटल्यावर शिंपी स्वस्थ बसत नाही. आप्पांनी गळ्यातली टेप काढली.

"पहिला टाक." टाकला. त्यांनी मुठीवर टेपचं पितळी टोक धरलं. "दुसरा." ओढला. "साडेपाच. लिखी ले रे!" गॅरेजमधल्या पोऱ्याने खरोखर खडूने माझ्याच मडगार्डवर ५॥ लिहिलं. मग आप्पा म्हणाले, हात लांब कर. खांद्यापासून मनगटापर्यंत मापलं. "बाही साडेबावीस." जीभ टाळूला लावून च्च केलं. "दांडा लंबा नही भाऊ. तुन्हा हात आखूड शे."

झाडाखाली कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता.

"आते परत दुसरा टाक." टाकला. "पाह्य! कोपर पोटले लागी राहिनं!" आणि मला काही कळायच्या आत टेप माझ्या पोटाभोवती फिरून बेंबीशी आली. श्वास आत घ्यायलाही सवड दिली नाही. "बेचाळीस! लिखी ले!" मी म्हटलं, आप्पा, बसल्यावर जरा जास्त येतं. आप्पा कामात पक्के. "मंग उभा ऱ्हाय." उभा राहिलो. गाडीबाहेर, उन्हात, रस्त्याकडे तोंड करून. पुन्हा टेप. आप्पांनी आकडा दोनदा पाहिला.

"बठीसन बी बेचाळीस, उभं बी बेचाळीस. प्रामाणिक पोट शे."

लोक हसले. रसवाल्याने चरक थांबवला. आप्पा मात्र हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते काम करत होते. "तुन्हा बापनी सफारी मीच शिवेल व्हती," म्हणाले. "छत्तीसना वर कधी गया नही तो."

धुळ्याला टेपची सवय तशी जुनीच म्हणा. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ रेषेत आखून घेतली. म्हणून आमच्या जुन्या गावात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यातल्याच एका नंबरात आप्पांचं दुकान होतं. लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायचं. "आते बठ्ठं रेडिमेड," ते म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं. "रेडिमेड म्हंजे बठ्ठासना मापनं. म्हंजे कोनाच मापनं नही." हे बोलताना त्यांची नजर माझ्या युनिव्हर्सल शिफ्टरच्या खोक्याकडे होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. खोकं तोवर बकरीने कोपऱ्यापासून खायला घेतलं होतं.

मिस्तरी खालून बाहेर आला. शिफ्टर हातात घेऊन उलटासुलटा केला. "साहेब, हे रॉडवाल्या गाडीचं आहे. तुमची केबलवाली." आणि तळहातावर तपकिरी भुगा दाखवला. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचं बुश असतं, ते झिजून त्याचा असा रवा झाला होता. दांडा हलायचा, पण त्यातलं बरंचसं हलणं त्या पोकळीतच जिरायचं. नवं बुश १४० रुपये, मजुरी ३५०. गिअर ऑइल काढलं तर ते काळ्या चहासारखं. तेही बदललं.

बुश बसल्यावर आप्पा टेप घेऊन हजर. पहिला, दुसरा. "चार." दीड इंच कमी, म्हणजे २७ टक्के झाले. खोक्यावर ३० लिहिलं होतं. मग आप्पांनी माझी सीट दोन खटके पुढे सरकवायला लावली, आणि सांगायला लाज वाटते, पण हात खरंच नीट पोचायला लागला. जाता जाता त्यांनी सांगितलं की आपण आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही.

शिफ्टर परत पाठवावा म्हटलं, तर विक्रेत्याला मूळ खोकं हवं. आता बकरीचा पंचनामा करून जोडू का? फोन लावला की एक बाई गोड आवाजात थांबायला सांगते आणि मग बासरी वाजते. चार दिवस मी बासरी ऐकतोय. ज्याने सर्व गाड्यांसाठी असं छापून माल विकला त्याला कोणी जाब विचारत नाही. जाब मलाच, की कसाले घेतला.

हो, कसाले. मिस्तरीने विचारलं, आप्पांनी विचारलं, ऑफिसात शेजारच्या टेबलाने विचारलं. आमच्याकडे लग्नात ५०० पानं जास्तीची उठतात, कोणी कसाले म्हणत नाही. घरी लोखंडी पेटीत टॉवेल-टोप्यांचा ढीग आहे. आम्ही त्या दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला, फिरत फिरत त्यातली एक परवा मलाच परत आली, माझ्याच अक्षरातल्या नावासकट. त्यावर सगळे गप्प. पण ४५ वर्षांच्या माणसाला डाव्या हाताखाली एक खट्ट असा आवाज हवा आहे, दिवसातून शंभर वेळा, दुसऱ्या कोणाला काही त्रास न देता, तर त्याने अर्ज करून कारण लिहायचं. मायलेज वाढतं का? नाही. गाडी पळते का? नाही. पळून जायची कुठे, गावात शिरलं की गतिरोधकांमुळे तिसऱ्याच्या वर जाता येत नाही. हौस हे कारण सोनं, साड्या आणि मुलाच्या बारशाच्या मांडवापुरतंच मान्य आहे.

असो. शिफ्टर घरी गव्हाच्या कोठीमागे ठेवला आहे. मडगार्डवरचं ५॥ पुसलं. त्याखाली ४२ होतं, ते जरा गडद लिहिलेलं निघालं, अजून दिसतं.

काल रविवारी शालक आला. पारोळ्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. तो म्हणाला, मी चालवतो. फागण्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा त्याने तिसरा टाकला, चौथा टाकला, पुन्हा तिसरा टाकून पाहिला, आणि त्याचे डोळे चमकले.

"दाजी! काय खटकन पडस! शॉर्ट शिफ्टर बसाडा का?"

१४० रुपयांचं बुश, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आखाजीपासूनचं ते वरण माझ्या डोक्यात शिजत होतं, आणि मागे कोण बसलंय याचा त्या क्षणी मला साफ विसर पडला.

"हो," मी म्हणालो. "साडेसहा हजार."

शालकाने शीळ घातली. मागे बांगड्या वाजल्या, मग दोन किलोमीटर काहीच वाजलं नाही. आणि मग मागच्या सीटवरून एकच शब्द आला.

"कसाले?"