लाल रेषेपासून पाच किलोमीटर

सांगलीच्या मामांनी परवा चारधामचं हॉटेल बदललं, भरलेला अ‍ॅडव्हान्स बुडवून. कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेला 'हिमालयाची महाभेग' हा लेख. मला तो चार ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचताच पुसत होते. पण "अगं, जिऑलॉजी तू शिकलीस आणि हे आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळतं," असं मामांनी सुनावल्यावर बसून वाचला.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं. हिमालयात 'मेन सेंट्रल थ्रस्ट' नावाची भेग आहे आणि ती रुंदावत चाललीय. गरम पाण्याची कुंडं बरोबर तिच्यावरच आहेत. शास्त्रज्ञांच्या तीन नकाशांत ती तीन जागी आहे, म्हणजे कुणालाच काही ठाऊक नाही. दगड दळून, त्याची केमिस्ट्री तपासून भेग शोधणं म्हणजे पैसे उडवायचे धंदे. आणि शेवटी, सोबतच्या नकाशातल्या लाल रेषेपासून पाच किलोमीटर लांब राहा, भूकंपाची भीती नाही. रेषा कुठे आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर पाच किलोमीटर मोजायचे कुठून, हा प्रश्न लेखकाला पडलेला नाही.

रुंदावण्याचं आधी उरकते. थ्रस्ट म्हणजे दाबाखाली एका बाजूचे खडक दुसऱ्या बाजूच्या खडकांवर चढणं. भारताचा भूखंड तिबेटखाली घुसतोय, हिमालयात वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर आवळलं जातंय. आवळल्या जाणाऱ्या जागी फट रुंद कशी होईल?

कुंडांचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. तपोवन, गौरीकुंड ही ठिकाणं या पट्ट्याच्या आसपास आहेत, आणि चिरडलेल्या खडकातून खोलवरचं पाणी वर येतं. पण बद्रीनाथचं तप्तकुंड थ्रस्टच्या बऱ्याच उत्तरेला आहे. आणि गरम पाणी हीच खूण असेल तर वज्रेश्वरी आणि राजापूरच्या गरम झऱ्यांखालूनही हिमालय निघायला हवा.

आता तीन नकाशे. हाइम आणि गान्सर या स्विस भूवैज्ञानिकांनी 1936 मध्ये कुमाऊँ-गढवाल पालथा घातला आणि 1939 मध्ये या थ्रस्टला नाव दिलं. पुढे भूवैज्ञानिक खड्गसिंह वल्दियांनी त्याच भागात दोन थ्रस्ट वेगळे दाखवले: खालचा मुनस्यारी, वरचा वैक्रिता. त्यांच्या मते खरा मेन सेंट्रल थ्रस्ट वैक्रिता. अलकनंदेच्या खोऱ्यात पहिला हेलंगजवळून जातो, दुसरा जोशीमठच्या आसपासून. वाद इतकाच, की या दोघांपैकी मुख्य कोणाला म्हणायचं. याला 'काही ठाऊक नाही' म्हणत नाहीत.

आणि हा वाद सोडवायलाच दगड दळावा लागतो. या दोन थ्रस्टांच्या मधल्या पट्ट्यातले खडक दिसायला वरच्यांसारखेच, चांगले भाजलेले नीस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेले पट्टेरी खडक. डोळ्यांनी फसायला होतं. म्हणून खडकातलं निओडिमियम हे मूलद्रव्य मोजतात. समेरियम-147 चं रूपांतर निओडिमियम-143 मध्ये होतं, इतक्या संथपणे की निम्मं व्हायला 10,600 कोटी वर्षं लागतात. खडक तापला, वाकला, पिळला गेला तरी हे प्रमाण सहसा फारसं बिघडत नाही, त्यामुळे खडक ज्या गाळापासून बनला तो किती जुन्या भूमीतून आला ते कळतं. हे प्रमाण एका ठरावीक मापाशी ताडून आकडा काढतात; जुनी भूमी असेल तर तो जास्त उणे. गढवालात तलत अहमद आणि सहकाऱ्यांनी हे केलं, निबंध 2000 सालचा आहे. ढोबळमानाने, खालच्या लघुहिमालयाच्या खडकांत आकडा उणे 20 ते 25, वरच्या खडकांत उणे 15 च्या आसपास. आणि हा बदल होतो वैक्रिताजवळ. मधला पट्टा रूपाने वरच्यांसारखा असला तरी रक्ताने खालच्या घराण्यातला निघाला. ज्याला हा लेख धंदा म्हणतो, त्यानेच वल्दियांची रेषा उचलून धरली.

नुसत्या केमिस्ट्रीवर मात्र भागत नाही, हे मीच सांगते. दोन वेगळे गाळ एकावर एक शांतपणे साचलेले असू शकतात, मध्ये काही सरकलेलंच नसेल. सर्ल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नेपाळच्या बाबतीत हाच आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. सरकण्याचा पुरावा खडकाच्या अंगावर शोधावा लागतो. हेलंगच्या वर रस्त्याकडेला आमच्या सरांनी एक तुकडा हातात दिला होता. साबुदाण्याएवढी तामडी (गार्नेट), तिच्याभोवती अभ्रकाची पानं गुंडाळलेली, आणि दोन्ही बाजूंना निघालेल्या शेपट्या एकमेकींच्या उलट दिशेला ओढलेल्या. गारगोटीच्या तर शेवया झालेल्या. वरचा खडक दक्षिणेकडे सरकला, हे त्या शेपट्यांवरून वाचता येतं. शेपट्या आणि आकडे एकाच जागी बोट दाखवू लागले, की नकाशावर रेष ओढायची.

राहिले ते पाच किलोमीटर, आणि माझा खरा संताप इथे आहे. ही रेष म्हणजे उत्तरेकडे कललेल्या एका जाड पट्ट्याची जमिनीवर दिसणारी कड. उतार 30 अंश धरला, तर रेषेच्या 10 किलोमीटर उत्तरेला तो पट्टा तुमच्या पायाखाली जेमतेम सहा किलोमीटरवर असतो. मामा लांब गेले नाहीत, त्याच्या डोक्यावर जाऊन बसले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय हा थ्रस्ट मुख्यतः कोट्यवधी वर्षांपूर्वी सरकला. आजचे मोठे भूकंप त्याहून खोल, साऱ्या हिमालयाखाली पसरलेल्या मुख्य भ्रंशावर, म्हणजे खडक एकमेकांवरून सरकतात त्या पृष्ठभागावर होतात. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये तोच सरकला, तीव्रता 7.8. फाटलेला भाग जमिनीपर्यंत पोचलाच नाही, तरी केंद्रापासून सुमारे 80 किलोमीटरवरच्या काठमांडूत घरं कोसळली. आणि लाल रेषेवरच जीव टांगायचा असेल, तर 1993 च्या किल्लारीला कुठली लाल रेषा होती? तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणलेला होता.

मामांना म्हटलं, रेषा सोडा. इमारत किती मजली आहे, मागचा डोंगर किती उभा आहे, वरून नाला येतो का, हे विचारा. त्यांनी नव्या हॉटेलला फोन लावला. मागे नाला आहे, म्हणाले, पण फक्त पावसाळ्यात वाहतो.

मामांचं बुकिंग जुलैचं आहे. गर्दी कमी असते म्हणून.