तीन क्रांत्या शिकवता, मग हैती काहून नाही?

नोव्हेंबर १८०३. अकरा दिवसांच्या अंतरानं जगात दोन लढाया झाल्या. २९ तारखेची आपल्याकडची, अकोला जिल्ह्यातल्या अडगावची. नागपूरकर भोसल्यांची फौज तिथं आर्थर वेलस्लीपुढे हरली, मग १५ डिसेंबरला गाविलगड गेला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड प्रांत सोडावा लागला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, आणि ते नाव जगभर पाठ आहे. दुसरी लढाई १८ तारखेची, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, आजच्या हैतीत, व्हर्तिएर नावाच्या जागी. तिथं वॉटर्लूच्या साडेअकरा वर्षं आधी नेपोलियनच्याच फौजेला पळवून लावलं, आणि पळवून लावणारे कोण होते तर एकेकाळचे गुलाम. उसाच्या शेतात चाबकाखाली राबलेले आफ्रिकी लोक. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं.

माझी भाची राज्यसेवेचा अभ्यास करते. परीक्षा वर्णनात्मक झाली तेव्हापासून या पोट्ट्यांना जगाचा इतिहासही नीट वाचावा लागतो, म्हणून परवा मी तिच्या क्लासच्या नोट्स चाळत बसलो होतो. अमेरिकन राज्यक्रांती आहे, फ्रेंच आहे, रशियन आहे, नेपोलियनला तर पानंच्या पानं दिलीत, अगदी त्याच्या कायद्याच्या कलमांसकट. हैती कुठंच नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मामा, तो भूकंपवाला देश ना?" तिचा काही दोष नाही. जे शिकवलंच नाही ते ती कुठून सांगणार? पण मला लय वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अठराव्या शतकातली सगळ्यात मोठी क्रांती पॅरिसमध्ये नाही, हैतीत झाली आणि जगाच्या इतिहासात तिला पहिल्या रांगेत जागा पाहिजे. फ्रेंच क्रांतीच्या शेवटी "वसाहतींवर परिणाम" म्हणून दोन ओळी टाकल्या की झालं, असं चालणार नाही.

हैती तेव्हा वसाहत होती, तिचं नाव होतं सँ-दोमँग. १६९७ च्या तहात स्पेननं बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा फ्रान्सला दिला आणि शंभर वर्षांत ती जगातली सगळ्यात श्रीमंत वसाहत झाली. १७८९ च्या सुमारास युरोपात जी साखर आणि कॉफी खपायची तिचा फार मोठा वाटा या एवढ्याशा जमिनीतून जायचा. लोकसंख्या बघा, गोरे साधारण तीस-चाळीस हजार, जवळपास तेवढेच मिश्रवर्णी आणि मुक्त काळे, आणि गुलाम सुमारे पाच लाख. त्यातले अर्ध्याहून जास्त आफ्रिकेत जन्मलेले, कारण इथं माणसं एवढी पटापट मरायची की जन्माच्या जोरावर संख्या टिकतच नव्हती, दरवर्षी जहाजं भरभरून नवी माणसं आणावी लागायची. हंगामात चरक रात्रभर चालायचे. झोपेनं पेंगुळलेल्या बाईचा हात उसासोबत आत ओढला गेला तर तो तोडायला धारदार हत्यार चरकाशेजारीच ठेवलेलं असायचं. चरक थांबवण्यापेक्षा हात तोडणं स्वस्त होतं. युरोपच्या कॉफीत विरघळणारी साखर ही अशी तयार व्हायची.

आता २६ ऑगस्ट १७८९ ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं जाहीरनामा काढला की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. छान. पण तीच सभा गुलामगिरीला हात लावायला तयार नव्हती, कारण बंदरातल्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यात गुंतलेला. व्हँसाँ ओजे नावाचा श्रीमंत मिश्रवर्णी माणूस फक्त आपल्यासारख्या मुक्त लोकांना हक्क द्या म्हणत उठला, गुलामांचा तर त्यानं विषयही काढला नव्हता, तरी फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. अमेरिकेचंही तेच. १७७६ ला सगळे समान म्हणून लिहिलं आणि गुलामगिरी जायला १८६५ उजाडलं. हे दोन्ही जाहीरनामे आपण मुलांकडून घोकून घेतो, पण त्यातून कोणाला वगळलं होतं हे विचारतच नाही.

ज्यांना वगळलं ते २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उठले. उत्तरेच्या मैदानात मळ्यांमागून मळे पेटले. बुकमन हा पहिला नेता त्याच वर्षी मारला गेला, पण उठाव थांबला नाही. इतका पसरला की ऑगस्ट १७९३ ला तिथल्या फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्सला गुलामांची मुक्ती जाहीर करावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या सभेनं सगळ्या वसाहतींत गुलामगिरी रद्द केली. त्या दिवशी सभागृहात सँ-दोमँगचा प्रतिनिधी म्हणून बेली बसला होता, आफ्रिकेत जन्मलेला, एकेकाळी स्वतः गुलाम असलेला माणूस! म्हणजे पुस्तकात लिहितात तसं पॅरिसनं समता बेटावर पाठवली नाही, बेटानं पॅरिसला ती मान्य करायला भाग पाडलं. माझ्या मते हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि नेमका हाच गाळला जातो.

मग तुसाँ लुव्हेर्त्यूर. मळ्यावर मालकाची गाडी हाकणारा, जनावरांची आणि जडीबुटीची जाण असलेला. आधी स्पेनकडून लढला, फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केल्यावर फ्रान्सकडून, आणि इंग्रजांना १७९८ मध्ये बेट सोडायला लावलं. १८०१ ला स्वतःची राज्यघटना केली, त्यात इथं गुलामगिरी कधीच असणार नाही असं लिहिलं. नेपोलियनला ते सहन झालं नाही. १८०१ च्या शेवटी त्यानं मेहुण्याला, जनरल लक्लेर्कला, हजारोंची फौज देऊन पाठवलं. तुसाँला बोलणी करायला बोलावून दग्यानं पकडलं आणि थेट फ्रान्सच्या डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात डांबलं, तिथंच ७ एप्रिल १८०३ ला तो गेला. लक्लेर्कनं नेपोलियनला लिहिलं होतं की डोंगरातले काळे बायका-पुरुष सगळे संपवावे लागतील, फक्त बारा वर्षांखालची पोरं ठेवू. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्यातच ग्वादेलूप या फ्रेंच बेटावर गुलामगिरी परत आणल्याची खबर आली आणि फ्रेंचांसोबत असलेले काळे सरदारही फिरले. तुसाँचा सरदार देसालीन पुढे आला, ज्याच्या पाठीवर चाबकाचे वळ होते. व्हर्तिएरचा एक किस्सा सांगितला जातो. कापोआ नावाचा सरदार घोड्यावरून पुढे घुसला, घोडा गोळीनं पडला, हा उठला, पुढची गोळी टोपी उडवून गेली, हा तलवार उपसून पायीच पुढे. तेव्हा म्हणे फ्रेंचांनी गोळीबार थांबवून त्याला सलाम पाठवला आणि मग लढाई परत सुरू झाली. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला.

कोणी म्हणेल की फ्रेंचांना पीतज्वरानं मारलं. मारलं ना, लक्लेर्क स्वतः त्यातच गेला, समुद्रात इंग्रजांचं आरमारही आडवं होतं. पण ताप व्हर्तिएरची टेकडी चढत नाही हो. आणि हेही लपवायचं नाही की १८०४ मध्ये देसालीननं मागे राहिलेल्या गोऱ्यांची कत्तल करवली, बायकापोरांसकट, आणि तुसाँनंही मुक्त लोकांना मळ्यावर सक्तीनं राबवलं. हे सगळं शिकवा. रोबेस्पिएरनं गिलोटिनवर माणसांची मुंडकी उडवली म्हणून फ्रेंच क्रांती अभ्यासातून काढली का आपण?

परिणाम बघा. बेट हातचं जाताना दिसलं तसं नेपोलियननं अमेरिकेतलं लुइझियाना १८०३ मध्येच विकून टाकलं, दीड कोटी डॉलर, म्हणजे ८ कोटी फ्रँकला, आणि अमेरिका एका सहीत जवळपास दुप्पट झाली. दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणारा बोलिव्हार हरून आला तेव्हा हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेत्योंनं त्याला बंदुका आणि माणसं दिली, अट एकच, जिथं जिंकशील तिथले गुलाम सोड.

आणि आता कर्ज. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सनं युद्धनौका पाठवून सांगितलं, मान्यता पाहिजे तर १५ कोटी फ्रँक भरा, आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. नुकसान कशाचं, तर त्यात ही माणसंसुद्धा धरलेली! म्हणजे स्वतःच्याच शरीराची किंमत मालकाला द्यायची. अख्ख्या लुइझियानाच्या किमतीच्या जवळपास दुप्पट. पहिल्या हप्त्यासाठी ३ कोटींचं कर्ज पॅरिसमधूनच घ्यावं लागलं, त्यातले हातात पडले २ कोटी ४० लाख, आपल्याकडचा सावकार आधीच कापून घेऊन पैसे हातावर ठेवतो ना, अगदी तसं. १८३८ ला रक्कम ९ कोटींवर आली, पण कर्जावर कर्ज चढत हे देणं पूर्ण फिटलं १९४७ साली. तो देश गरीब काहून राहिला याची बाकीही कारणं आहेत, तिथले हुकूमशहा आहेत, १९१५ ते १९३४ अमेरिकेचा कब्जा आहे, पण सुरुवात इथून करावी लागते. माझं स्पष्ट मत आहे, फ्रान्सनं हे पैसे परत केले पाहिजेत.

बाबासाहेबांनी १९५४ मध्ये रेडिओवर सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली. दीक्षाभूमीच्या शहरात तरी समता म्हटलं की फक्त पॅरिस दाखवणं बंद व्हावं. महाल, सदर, धंतोली, जिथं जिथं अभ्यासिका आहेत तिथल्या सर-मॅडमना मनापासून सांगतो, हैतीवर एक लेक्चर घ्या. कोणाला वेळ नसेल तर मला बोलवा, कोणत्याही रविवारी येतो, पैसे नकोत, फक्त भिंतीवर जगाचा मोठा नकाशा असू द्या आणि दोन तास मोकळे ठेवा, एकट्या १८२५ च्या कर्जावरच पोरं तासभर प्रश्न विचारतील.