युनियनने पालिका निवडणुकीत उतरू नये?

‘युनियनने नगरसेवकपदाच्या उमेदवाराला पैसे दिले की नोंदणी रद्द होते,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम 16 ने वेगळ्या राजकीय निधीतून स्थानिक संस्थेच्या उमेदवाराचा खर्च, सभा, पत्रके आणि मतदार नोंदणीला परवानगी दिली. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही वेगळ्या निधीची तरतूद कायम आहे.

घोळ होतो तो सर्वसाधारण निधीला हात लावल्याने. मासिक वर्गणीतून प्रचाराची पत्रके छापणे बेकायदेशीरच. म्हणून पावतीपुस्तक आणि खातेवही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. राजकीय वर्गणी ऐच्छिक असते. ती न देणाऱ्याचे सभासदत्व किंवा इतर लाभ रोखता येत नाहीत. फक्त त्या निधीच्या कारभारात त्याला मत नसले तरी चालते.