‘फोटो उजळवलेत म्हणजे बोथट केलेत’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

नावाच्या जागी तुम्ही ‘जुना डार्करूमवाला’ एवढंच लिहिलंय, म्हणून सर म्हणतो. माझ्या विद्यार्थिनीच्या दारूवरच्या फोटोमालिकेबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे मुख्य तीन आक्षेप आहेत. तिच्या मूळ फाइल्स काळ्याकुट्ट होत्या, त्या मी प्रिंटसाठी उजळायला लावल्या आणि विषयाची धार घालवली, हा पहिला. वीस-बावीस फोटोंमधून बाराच कॉलेजच्या भिंतीवर लावले, ही सेन्सॉरशिप आहे, हा दुसरा. आणि मास्तरांनी मुलांच्या कामात इतका हात घालू नये, हा तिसरा. तिसरा प्रश्न शिकवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारत राहावा असाच आहे, तो इथे मिटणार नाही. पहिल्या दोनांवर मात्र सविस्तर बोलायला हवं.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मालिका तिच्या सख्ख्या मामाची आहे. मामा यंत्रमागावर कामाला. एक खोली, झिरोचा बल्ब, दाराबाहेर पायरी. बरेचसे फोटो रात्रीचे, आयएसओ 6400 वर (म्हणजे कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता बरीच वाढवून) काढलेले, कृष्णधवल.

आता उजळवण्याचं. तुम्ही ते फोटो ब्लॉगवर, म्हणजे पडद्यावर पाहिलेत. पडद्याच्या मागून प्रकाश येतो, कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. साध्या लॅपटॉपवरही सगळ्यात काळ्या आणि सगळ्यात पांढऱ्या टोकांत हजारास एक इतका फरक सहज दिसतो. आम्ही वापरला तो सुती मॅट कागद. त्यावर पिगमेंट इंकचा गडदातला गडद काळा म्हणजे साधारण 1.6 घनता. घनता मोजणाऱ्या तुमच्या डेन्सिटोमीटरच्या भाषेत सांगायचं तर तो काळा पडलेल्या प्रकाशाचा चाळीसावा भाग परत फेकतो. बरायटा या चकचकीत कागदावर हीच घनता 2.2 च्या वर जाते, म्हणजे दीडशेव्या भागाच्याही खाली. मग बरायटा का नाही घेतला? कॉलेजच्या ज्या मार्गिकेत फोटो लावले तिथे ट्यूबलाइट आहेत. चकचकीत काळ्यात आधी ट्यूब दिसते, मग बघणाऱ्याचा स्वतःचा शर्ट, आणि मामा सगळ्यात शेवटी.

तर हजार पायऱ्यांचा जिना चाळीस पायऱ्यांत बसवायचा होता. फाइल जशीच्या तशी छापली तर 0 (काळा) ते 255 (पांढरा) मधल्या पंधरा-वीसच्या खालचं सगळं एकच होतं. पहिल्या टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे चाचणीसाठी छापलेल्या पट्टीवर, तेच झालं. पलंगाखालची चपटी, भिंतीवरच्या ओलीचे डाग, मामीच्या साडीचा काठ, सगळं एका सपाट डबक्यात बुडालं. पडद्यावर मात्र ते दिसत होतं, कारण तिच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वर होता. प्रिंटसाठी काम करताना पडदा 80 ते 120 कॅन्डेलावर (पडद्याच्या उजेडाचं माप, प्रति चौरस मीटर) आणावा लागतो. तो तसा आणला तेव्हा तिलाच धक्का बसला. त्यानंतर कर्व्हचं, म्हणजे टोनच्या आलेखाचं, खालचं गडद टोक थोडं उचललं, मधले टोन होते तिथेच ठेवले, हायलाइटना (सगळ्यात उजळ भागांना) हात लावला नाही. कागदावर ही खोली आजही काळोखीच दिसते. फरक एवढाच की त्या काळोखात आता माणसं राहतात हे कळतं.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. तुमच्या डार्करूममध्येही फेरीसायनाइडची, म्हणजे प्रिंटमधला काळा फिकट करणाऱ्या रसायनाची, बाटली असणारच. अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ आपल्या गडद प्रिंटमध्ये डोळ्यांचे पांढरे भाग आणि गालांवरच्या कडा त्यानेच ब्लीच करून काढायचे. फोटो मवाळ व्हावा म्हणून नव्हे, काळा काळाच राहावा पण त्यातला चेहरा हरवू नये म्हणून. त्याच स्मिथनी आफ्रिकेत दवाखाना चालवणारे डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या लांबारेनेतल्या प्रसिद्ध फोटोत खालच्या कोपऱ्यात दुसऱ्या निगेटिव्हवरून एक हात आणि करवतीची मूठ बसवली होती. तिथे मी त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. टोन हलवणं आणि वस्तू हलवणं यांत मला फार मोठं अंतर दिसतं.

आणि इथे एक गोष्ट सांगतो, जी मूळ लेखात तिच्या परवानगीअभावी लिहिली नव्हती. आता ती स्वतःच म्हणाली, लिहा. तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेला फोटो, खिडकीशी बसलेला मामा, चेहरा जवळजवळ दिसत नाही, तो रात्रीचा नाहीच. सकाळी काढलाय. फाइलमधला एक्स्पोजर तिने तीन स्टॉप खाली ओढला होता, म्हणजे फोटो बराच गडद केला होता, कडांना काळी झालर दिली होती, वरून ग्रेन (जुन्या फिल्मसारखे दाणे) टाकला होता. का, तर व्यसन म्हणजे अंधार असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते बसणारच. शाळेच्या भिंतीपासून एसटी स्टँडपर्यंत आपण व्यसनमुक्तीची जी पोस्टरं पाहत आलो त्यात कवटी असते, बाटलीत साप असतो आणि मागे काळा रंग असतो.

पण दारूचं शरीरातलं वेळापत्रक वेगळं आहे. रोज पिणाऱ्याचे हात शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांपासून दिवसभरात कधीही थरथरायला लागतात. रात्री दहाला झोपलेल्या माणसाची ती वेळ येते पहाटे-सकाळी. अख्खं घर आंघोळी-डब्यांच्या गडबडीत, खिडकीतून स्वच्छ ऊन, आणि हा माणूस चहाची बशी दोन्ही हातांनी धरूनही सांडतो. पहिला घोट पोटात गेला की हात थांबतात. त्या घरातली सगळ्यात वाईट वेळ ही आहे, आणि ती उजेडात घडते. तो फोटो रात्रीचा करून तिने आपल्याकडचा सगळ्यात भेदक पुरावा स्वतःच पुसला होता. म्हणून तो आम्ही मूळ उजेडात परत नेला. त्याला तुम्ही ‘बोथट’ म्हणालात. मला तर तो बघवत नाही, बशीवरची बोटं मोजता येतात इतका तो स्पष्ट आहे.

सेन्सॉरशिपकडे येतो. वगळलेल्या फोटोंतले काही फक्त कमकुवत होते. तीच पायरी, तोच कोन. त्यांचा शोक नको. उरलेल्यांतले काही व्यसनमुक्ती केंद्रातले होते, मामा दाखल असतानाचे, आणि त्यांत मागे इतर पेशंटचे चेहरे होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24 नुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि दारू-ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. कॉलेजची भिंत म्हणजे माध्यम का, यावर वकील भांडू शकतील. मला त्या भांडणाची गरज वाटली नाही. ज्या माणसाने घरी ‘कामासाठी बाहेरगावी आहे’ असं सांगून केंद्रात प्रवेश घेतलाय, त्याचा चेहरा आमच्या मालिकेची पार्श्वभूमी म्हणून लावायचा अधिकार ना तिला, ना मला.

राहिला एक फोटो, तो मामाने मालिकेतून काढून टाकायला लावला. प्रिंट झाल्यावर सगळा गठ्ठा घेऊन ती त्याच्याकडे गेली, सकाळी नव्हे, दुपारी, तो शुद्धीत असताना. आम्हाला वाटलं होतं, पायरीवर आडवा पडलेला फोटो तो नाकारणार. तो त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, ‘राहू दे, खरंय.’ हरकत घेतली ती वेगळ्याच फोटोला. त्यात तो नव्हताच. खुंटीला मुलीचं दप्तर होतं आणि त्यावरचं नाव वाचता येत होतं. ते नाव ब्लर करू का, असं तिने विचारलं. त्याला ब्लर नको होतं, फोटोच नको होता. गेला. या निर्णयाला तुम्ही जे नाव द्यायचं ते द्या.

तुम्ही अमेरिकन छायाचित्रकार लॅरी क्लार्क यांचा दाखला दिलात, की त्यांचं ड्रग्ज घेणाऱ्या तरुणांवरचं ‘टल्सा’ हे पुस्तक असं चाळून-गाळून झालं असतं तर काय उरलं असतं. बरोबर, पण 1971 चं ते पुस्तक ओक्लाहोमातल्या त्यांच्याच टोळीचं आहे, आणि सुई त्यांच्याही दंडात होती. कॅमेरा आतला होता. युजीन रिचर्ड्स यांचं कोकेनवरचं पुस्तक 1994 मध्ये आलं, तोही माणूस प्रामाणिक आणि चिवट, पण पुस्तकात मुख्यतः काळे आणि लॅटिनो चेहरे दिसतात म्हणून त्यांच्यावर टीका झाली, कारण कोकेन तर सगळ्या वस्त्यांत होतं. छायाचित्र किती धाडसी यापेक्षा त्यात कोण सापडलं आणि कोण सुटलं, हा प्रश्न मला जास्त छळतो. आपल्याकडे गुत्त्यावर पडलेला मजूर कॅमेऱ्याला सहज मिळतो. क्लबात पिणाऱ्याचा दरवाजा बंद असतो. ही विद्यार्थिनी निदान स्वतःच्या घरात शिरली, आणि मामाला विचारून शिरली.

क्रमाबद्दल तुम्ही म्हणालात की शेवट गोड केलाय. व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाचा फोटो भिंतीवर सातव्या क्रमांकावर होता, सर. त्याच्यानंतर पाच फोटो आहेत, आणि आठव्यात पुन्हा चपटी आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून या क्षेत्रातली माणसं हेच सांगत आलीत की घसरणं हा आजाराचाच भाग आहे, आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा दाखल होण्याइतकाच महत्त्वाचा. फाटक शेवटी लावलं असतं तर ती जाहिरात झाली असती.

एका मुद्द्यावर मला तुमची मदत हवी आहे. एका दिवाळी अंकाला यातले चार फोटो हवे आहेत, आणि अंक मॅपलिथोवर, एकाच काळ्या शाईत छापला जाणार आहे. अशा कोटिंग नसलेल्या कागदावर शाई पसरते आणि फाइलमधला पन्नास टक्क्यांचा (म्हणजे निम्मा कागद झाकणारा) ठिपका छपाईत सत्तरच्या पुढे जातो. म्हणजे शॅडो, फोटोतले गडद भाग, पुन्हा बुजणार, आणि आम्हाला त्या आणखी उचलाव्या लागणार. काळ्यासोबत एक करडी शाई घेऊन ड्युओटोन करता आला असता, पण त्याचा खर्च संपादकांना परवडत नाही. तुम्ही लिहिलंय की वृत्तपत्रात असताना तुम्ही अशा कागदाशी वर्षानुवर्षं झगडलात. पलंगाखालच्या त्या फोटोसाठी खालचा काळा 90 टक्क्यांवर थांबवावा की 95, यावर आमच्यात अजून एकमत नाही. फाइल पाठवतो, बघून सांगाल का? फक्त पडद्याचा ब्राइटनेस आधी कमी करा.